तयारी: कर्जत-खालापूरच्या आपत्ती आणि वैद्यकीचे विद्यार्थी

'तयारी' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत आणि बोलण्याच्या ओघात ते सहज एकमेकांत मिसळतात. 'जायची तयारी आहे' असे म्हणताना मनाचा होकार सांगितला जातो, तर 'जायची तयारी झाली' असे म्हणताना बांधलेल्या वळकटीचा आणि भरलेल्या शिदोरीचा हिशेब असतो. आपत्तीच्या वेळी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी मदतकार्यात उतरावे काय, याविषयी देशोदेशी ज्या पाहण्या झाल्या त्या बहुतेक पहिल्या अर्थाभोवती फिरतात. विद्यार्थी येतील का, संसर्गाची भीती किती, घरचे सोडतील का, असे प्रश्न त्यांत विचारलेले असतात. महाराष्ट्राचा, त्यातही रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला असलेल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा अनुभव मात्र दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवतो. इथे होकाराची वानवा क्वचितच पडली. कमी पडली ती वळकटी.

हे दोन्ही तालुके बोरघाटाच्या आणि माथेरानच्या डोंगररांगेच्या कुशीत वसलेले आहेत. उल्हास नदी कर्जतमधून आणि पाताळगंगा खोपोली-खालापुरातून वाहते, पावसाळ्यात ढग घाटमाथ्याला अडतात आणि त्यांचे पाणी याच उतारांवरून खाली येते. प्रशासनाच्या दृष्टीने हा मुलूख बराच काळ कडेचा राहिला. कर्जत आधी ठाणे जिल्ह्यात होते, १८९१ मध्ये ते कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग समुद्रकाठी, मोठी रुग्णालये मुंबईला आणि पुण्याला, अशा मधल्या जागी डोंगरातल्या ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींच्या वाड्या उरल्या, ज्यांच्यापर्यंत रस्ता पोहोचायलाच फार उशीर झाला, आणि काही वाड्यांपर्यंत तो अजूनही पोहोचलेला नाही.

या भागातली एक मोठी जुनी नोंदलेली आपत्ती निसर्गाने आणलेली नव्हती, कामाने आणलेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटाचा चढ १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पंधरा मैलांहून थोड्या अधिक लांबीच्या या मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले आणि १८६१ च्या सुमारास त्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर एकाच वेळी राबत होते. सुरुंग, दरडी, ताप आणि विशेषतः १८५९-६० मधील पटकी, म्हणजे कॉलरा, यांनी या मजुरांचे इतके बळी घेतले की अभ्यासकांचा अंदाज एकूण पंचवीस हजारांच्या आसपास जातो. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये घाटात आला तो काही आठवड्यांतच मरण पावला आणि ते कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने आपल्या नावावर पुढे चालवले, ही गोष्ट रेल्वेच्या इतिहासात मानाने सांगितली जाते. त्याच महिन्यांत मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणी सांगत नाही, कारण ती लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. चढ पुरा होईपर्यंत प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत आणि पालखी, डोली किंवा तट्टावरून घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी धरत. माणसाला खांद्यावर वाहून नेण्याचे हे काम घाटाखालच्या माणसांना तेव्हापासून अंगवळणी पडलेले आहे, आणि पुढे या लेखात त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

त्याच काळात घाटापासून रेल्वेच्या काही तासांवर पाश्चात्त्य वैद्यकीचे शिक्षण मूळ धरत होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि भाऊ दाजी लाड ज्या पहिल्या तुकडीत होते ती १८५१ मध्ये बाहेर पडली. १८६१ पासून तिथे मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग भरू लागले आणि पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ मध्ये निघाले. या वर्गांतून तयार होणारा माणूस 'हॉस्पिटल असिस्टंट' म्हणवला जाई. तो पूर्ण डॉक्टर नसे, पण दवाखाना चालवणे, जखम बांधणे, साथीत फिरून औषध देणे ही कामे त्याच्याकडे असत. आपत्तीच्या वेळी अर्धवट शिकलेल्या हातांचा उपयोग करून घ्यावा, ही कल्पना म्हणजे काही नवा शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारने तिच्यावर आख्खा एक पेशा उभा केला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले तेव्हा या व्यवस्थेची कसोटी लागली. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजातच. जिथे विद्यार्थी वैद्यकी शिकत होते तिथेच प्लेगची लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. शिक्षण आणि साथ एका छपराखाली आल्याचा महाराष्ट्रातला हा पहिला ठळक प्रसंग म्हणता येईल. पुण्याकडे सावित्रीबाई फुले यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासह हडपसरजवळ दवाखाना चालवला, रोग्यांना स्वतः उचलून आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. सावित्रीबाईंपाशी वैद्यकीची पदवी नव्हती. रोग्याला दवाखान्यापर्यंत आणणे हेच त्या साथीतले सर्वांत धोक्याचे काम होते, आणि ते करणाऱ्याला कोणी शिकवलेले नव्हते.

विद्यार्थ्यांच्या सहभागाचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण कोपनहेगनचे आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात दाखल होऊ लागले आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या घशाला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरायची अशी पद्धत सुचवली. पिशवी दाबायला सुमारे १,५०० वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने बसले. त्यांचे धैर्य मोठे होतेच, पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्यांच्यासाठी काम नेमके ठरलेले होते: एक पिशवी, एक रुग्ण, ठरावीक तासांची पाळी आणि वर देखरेख करणारा भूलतज्ज्ञ. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून धरली जाते.

महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर विद्यार्थी धावून गेले, परंतु असे नेमके काम त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिहारच्या दुष्काळात पुण्याहून तरुण गेले, त्यांपैकी बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेल्या अनिल अवचट यांनी त्या अनुभवावर १९६९ मध्ये 'पूर्णिया' हे पुस्तक लिहिले. ते पुढे वैद्यकीच्या रूढ वाटेवर राहिले नाहीत हा योगायोग नसावा, कारण दुष्काळात गेलेल्या तरुणाला तिथे औषधापेक्षा अन्न कमी आहे हे प्रथम दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर भूकंपाने कोसळला तेव्हा चित्र वेगळे होते. भूकंपात मृतांपेक्षा जखमी जास्त असतात, मोडलेली हाडे, फाटलेल्या जखमा आणि शस्त्रक्रिया यांना अंत नसतो, त्यामुळे सोलापूर, अंबाजोगाई आणि लातूर अशा जवळच्या ठिकाणच्या रुग्णालयांत प्रत्येक शिकाऊ हाताला काम होते. पुढच्याच वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आढळला. भूकंपाच्या भीतीने सोडलेल्या घरांत साठलेल्या धान्यावर उंदीर माजले, असे त्याचे एक कारण मांडले गेले. त्याच सुमारास सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या धास्तीने शहरातले बहुसंख्य खासगी डॉक्टर निघून गेले, आणि सरकारी रुग्णालयातल्या मंडळींवर सगळा भार पडला. न्यूयॉर्क परिसरातील आरोग्य कर्मचाऱ्यांची २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी हेच आकड्यांत सांगते: हिमवादळात कामावर येण्याची ८० टक्क्यांची तयारी होती, सार्ससारख्या साथीत केवळ ४८ टक्क्यांची. आपत्ती कोणती, यावर होकार अवलंबून असतो.

घाटाखाली परत यायचे तर २४ जुलै १९८९ ही तारीख पाहावी लागते. त्या दिवशी अंबा नदीच्या पुराने खालापूरच्या शेजारच्या सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा गाव उद्ध्वस्त केले. त्याच वर्षी नवी मुंबईत महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याचे कामोठे येथील रुग्णालय आज खालापूरच्या गंभीर रुग्णांचे मोठे आधारस्थान आहे. २००५ च्या जुलैत महाड-पोलादपूर भागात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या; २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये गाडले गेले. जिल्ह्याचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलिबागला सुरू झाले ते तळियेच्या सुमारास, आणि अलीकडे खुद्द कर्जत तालुक्यातही एक खासगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत प्रथमच या मुलखात वैद्यकीचे विद्यार्थी बाहेरून यावे लागणार नाहीत, ते इथेच राहत असतील.

मधल्या काळात कोविडने विद्यार्थ्यांच्या सहभागाला सरकारी शिक्का दिला. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने निर्णय जाहीर केला की आंतरवासींना, म्हणजे अंतिम परीक्षेनंतर वर्षभर रुग्णालयात काम करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना, अध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडच्या कामावर नेमावे आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरील सल्ल्याचे व सौम्य रुग्णांवर नजर ठेवण्याचे काम द्यावे. काम, देखरेख आणि मर्यादा तिन्ही त्यात सांगितल्या होत्या, म्हणून तो निर्णय महत्त्वाचा. कोपनहेगनचा धडा इथे सत्तर वर्षांनी कागदावर उतरला. तोही साथीपुरता. दरडीविषयी असा कागद निघाला नाही.

दरडीचा प्रश्न १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात उभा राहिला. इर्शाळगडाच्या पोटाशी, मोरबे धरणाच्या वरच्या अंगाला असलेली इर्शाळवाडी ही ठाकर वस्ती रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगराच्या मलब्याखाली गेली. वाडीची लोकसंख्या २२८ होती. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि १४४ जण वाचले. त्या आधीच्या तीन दिवसांत परिसरात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि दरडप्रवण म्हणून नोंदलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. पायथ्याच्या नानिवलीपर्यंत रस्ता, पुढे निसरडी पायवाट, पाऊस थांबायला तयार नाही, हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि खोदाईचे यंत्र वर चढू शकत नाही, अशा परिस्थितीत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना आणि गिर्यारोहकांना कुदळ, फावडे, पहार आणि घमेल्यानेच चिखल उपसावा लागला. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. वाडीच्या लोकांना आधी चौक गावाजवळ कंटेनरांच्या तात्पुरत्या घरांत हलवले गेले, आणि पुढे सिडकोकडे कायमच्या घरांचे काम आले.

या घटनेत वैद्यकीच्या विद्यार्थ्याला नेमके काय करता आले असते, हा प्रश्न भावनेच्या भरात विचारला तर उत्तर चुकते. भूकंपात भिंतीखाली पोकळ्या राहतात, चिखलाच्या दरडीत त्या राहत नाहीत, म्हणून मलब्यातून जिवंत निघणारे मोजकेच असतात. २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीण गावी दीडशेहून अधिक माणसे गेली तेव्हाही हेच दिसले होते. जे थोडे जिवंत निघतात त्यांना धोका वेगळाच असतो. हात किंवा पाय तासन्‌तास दबलेला राहिला की स्नायू मरू लागतात आणि दाब काढताच त्यांतले पोटॅशियम व इतर द्रव्ये रक्तात घुसून हृदय आणि मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. म्हणून दबलेला अवयव मोकळा करण्याआधीच शिरेतून द्रव द्यायला सुरुवात करावी लागते. हे ज्याला ठाऊक नाही त्याची घाई रुग्णाच्या जिवावर उठते. त्याचप्रमाणे अनेक जखमी एकदम आल्यावर कोणाला आधी पाहायचे हे लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या खुणांनी ठरवण्याची पद्धत आहे, जिला आपत्तिवैद्यकात ट्रायाज म्हणतात. ती पुस्तकात अर्ध्या पानाची असते, पण पावसात, बॅटरीच्या उजेडात, रडणाऱ्या नातेवाइकांसमोर काळी खूण लावायला जे लागते ते त्या अर्ध्या पानात नसते.

त्यातून वाडीवर एक जुनी विद्या आहे जी कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवली जात नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते, पण ती रस्ता संपतो तिथे थांबते. पुढे झोळी असते. मजबूत बांबूच्या दोन्ही टोकांना चादर, घोंगडी किंवा जुने लुगडे घट्ट गाठीने बांधायचे, रुग्णाला त्यात निजवायचे, एकाने पुढे आणि एकाने मागे बांबू खांद्यावर घ्यायचा, खांदा बदलायला दोघे-चौघे बरोबर चालायचे, आणि उतारावर डोके वरच्या बाजूला राहील असे बघायचे. बाळंतपण अडलेली बाई, तापाने फणफणलेले मूल, साप चावलेला गडी असे सगळे असेच खाली येतात. साप चावलेल्याला तर झोळी उत्तमच, कारण त्याने चालू नये हेच शास्त्रही सांगते. पण पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला झोळी घातक ठरते, कारण तो तिच्यात धनुष्यासारखा वाकतो. बेशुद्ध माणसाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास कोंडतो. महाविद्यालयाच्या कौशल्य प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला पाठीखाली सरकवायची कडक फळी दाखवलेली असते, मात्र ती फळी इर्शाळगडाच्या वाटेवर कोणी नेलेली नसते. झोळीत दाराची फळी किंवा बांबूची ताटी घालून ती सपाट कशी करावी, बेशुद्धाला कुशीवर कसे निजवावे, हे वाडीच्या गड्याला विद्यार्थ्याने दाखवायचे आणि झोळी खांद्यावर घेऊन ओल्या उतारावर पाय कुठे टाकायचा हे गड्याने विद्यार्थ्याला, अशी देवाणघेवाण झाली तरच या मुलखातल्या तयारीला काही अर्थ येतो. एकाच्या अंगी शरीराचे ज्ञान आणि दुसऱ्याच्या अंगी डोंगराचे, आणि दरडीच्या रात्री दोन्ही एकाच ठिकाणी हवे असतात.

आपत्तीनंतरच्या आठवड्यांत विद्यार्थ्यांना जागा अधिक मोठी आहे, आणि तीच सर्वांत कमी बोलली जाते. कंटेनरच्या वस्तीत ताप आलेल्यांची रोज नोंद, पाण्याची तपासणी, चिखलात वावरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसपासून वाचवण्यासाठी वेळीच औषध, मलब्यात गेलेल्या क्षयरोगाच्या गोळ्या पुन्हा सुरू करणे, गर्भवतींची यादी, आणि आई-बाप गमावलेल्या मुलांशी नुसते बोलत बसणे ही सगळी कामे आंतरवासी निश्चित करू शकतात. प्रेतांमुळे साथ पसरते ही समजूत बहुतेक वेळा निराधार असते, असे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे. अपघाताने मेलेल्या निरोगी माणसाचे शरीर रोग पसरवत नाही. हे घाबरलेल्या गावाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हेही एक वैद्यकीय काम आहे.

अभ्यासक्रम याला कितपत साथ देतो? २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात सामाजिक वैद्यकशास्त्राखाली आपत्ती व्यवस्थापनाच्या चार क्षमता दिल्या आहेत: संकल्पना, व्यवस्थापनाचे चक्र, मानवनिर्मित आपत्ती आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. चारही ठिकाणी विद्यार्थ्याकडून अपेक्षा आहे ती वर्णन करण्याची. करून दाखवण्याची नाही. प्राधिकरणाची रचना तोंडपाठ असलेला विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो. झोळी सपाट करता येणाऱ्याला गुण कुठे द्यायचे हे कोणाला ठाऊक नाही.

मात्र त्याच अभ्यासक्रमात आता एक वाट आहे. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन काही वर्षे त्यांच्या आरोग्याचा माग ठेवायचा, अशी कुटुंब दत्तक योजना लागू झाली आहे. सोयीसाठी महाविद्यालये बहुधा बस पोहोचेल असे गाव निवडतात आणि भेटी उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात ठेवतात. कर्जत, अलिबाग आणि कामोठे येथील महाविद्यालयांनी या योजनेत निदान काही वाड्या रस्ता संपतो तिथून पुढच्या निवडाव्यात, जून उजाडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तिथल्या माणसांबरोबर झोळी बांधून खाली आणायला लावावी, आणि पावसाळ्यातली एक भेट चुकवू नये.